शाळेतील गाय आणि आखरावरचा मुलगा



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला इतिहासावर बोला असे सांगितले, तेव्हा मी प्रथम संकोचलो. चौथीपलीकडे शाळा न पाहिलेला मी माणूस. जे काही वाचले ते पुढे जिनिंगच्या रात्रपाळीत आणि युनियनच्या कचेरीत बसून वाचले. परंतु त्यांनी विषय विचारला तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघून गेले की, मुलांना गुराढोरांची आणि शेतीची ओळख शाळेने करून द्यावी की नाही, या प्रश्नाचा इतिहास मी सांगेन. हा प्रश्न वरवर पाहता मास्तर लोकांचा वाटतो. पण तो आमचा, म्हणजे मजुरांचाही कसा आहे, हे पुढे दिसून येईल.

आरंभ माझ्यापासूनच करतो, त्याबद्दल क्षमा असावी. 1980 च्या सुमारास मी चौथीत होतो. सहामाहीला 'गाय' या विषयावर निबंध आला. आमच्या कोठ्यात एक लाल गाय होती. ती माझ्या आईखेरीज कोणाच्या हाताला पान्हा सोडत नसे. आई तापाने पडली तेव्हा बाबांनी आईचे लुगडे डोक्यावरून घेऊन तिची धार काढली होती. मी ते सारे लिहिले. गायीला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात, हेही लिहिले. मास्तरांनी त्यावर लाल रेघ ओढली आणि वर्गात वाचून दाखवून मुलांना हसविले. गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते, असे ज्यांनी लिहिले त्यांना पुरे गुण मिळाले. मास्तर मनाने वाईट नव्हते. पुस्तकात जेवढी गाय होती तेवढीच त्यांनी तपासली. त्याच वर्षी माझी शाळा सुटली आणि मी गावच्या गायक्याच्या हाताखाली लागलो.

इकडे शहरात वाढलेल्या मंडळींसाठी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या भागात गाव जागे झाले की सारी ढोरे गावाबाहेर आखरावर जमतात. तेथून गायकी त्यांना चराईला नेतो. ढोरामागे महिन्याला ठरलेले पैसे आणि वर्षाला काही ज्वारी, असा त्याचा मेहनताना. साठ-सत्तर ढोरांतले प्रत्येक ढोर कोणाचे, ते गाभण आहे की भाकड, कोणते दुसऱ्याच्या पिकात शिरण्याच्या सवयीचे, हे त्याला पाठ असते. त्यातले एक जरी ढोर कोणाच्या पऱ्हाटीत शिरले तर भांडण, आणि पूर्वीच्या काळी कोंडवाडा. हा कोंडवाडा 1871 च्या कायद्याने गावोगाव पक्का झाला. दंड भरल्याशिवाय ढोर सुटत नसे, आणि तो दंड पुष्कळ वेळा राखणाऱ्या पोराच्या मजुरीतून जात असे. मोजणी, ओळख, कायदा, सारे काही आखरावर होते. तिकडे शाळेची घंटा झाली की आमच्यासारखी पोरे ढोरांमागे आणि दुसरी पोरे वर्गात. ज्याला गाय ठाऊक होती तो वर्गाबाहेर राहिला. जो वर्गात होता त्याला निबंधातली गाय मिळाली. माझ्या आजच्या भाषणाचा सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

हे व्यंग प्रथम ज्यांनी सरकारदरबारी मांडले ते महात्मा जोतीराव फुले होत. 1882 साली हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला, त्याला जोतीरावांनी पुण्याहून लेखी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, ही त्यातील मुख्य तक्रार सर्वांना माहीत आहे. पण त्यातील एक बारीक मागणी फारशी कोणी सांगत नाही. प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, आणि शक्य तेथे शाळेला जोडून एक लहानसे नमुन्याचे शेत असावे, तेथे मुलांना हाताने काम करून शिकता यावे, असे त्यांनी मागितले. शिक्षकाविषयी ते काय म्हणाले पहा. शिक्षक शेतकरी वर्गातून निवडावेत, कारण प्रसंग पडला तर नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्यांना लाज वाटणार नाही. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझ्या मास्तरांनी वाकस धरला असता तर माझा निबंध वेगळ्या तऱ्हेने तपासला गेला असता, असे माझ्या मनात आले.

पुढच्याच वर्षी, 1883 मध्ये, जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात फॉरेस्ट खात्याने डोंगर-रानांची चराई बंद केल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांचे व शेळ्यांचे काय झाले, याचा जळजळीत हिशेब आहे. पुणे जिल्हा आपल्यापासून दूर, आणि वऱ्हाड तर त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हताही; निजामाकडून 1853 साली इंग्रजांच्या ताब्यात आलेला तो वेगळा मुलूख होता. तरी हा हिशेब आमच्या जिल्ह्यालाही लागू पडत होता, हे पुढे 1930 मध्ये दिसून आले.

हा प्रसंग यवतमाळ जिल्ह्यातील मुलांना दर वर्षी तारखेसह पाठ करावा लागतो. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी 10 जुलै 1930 रोजी पुसदला राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला. गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडाला समुद्र नाही, म्हणून येथे जंगलाचा कायदा मोडला, असे आपण सांगतो आणि पुढे जातो. पण गवतच का? लाकूड का नाही, डिंक का नाही? कारण जुलैचा महिना हा ढोरांच्या पोटाचा कठीण महिना. उन्हाळ्यात कडबा व कुटार संपलेले असते, पेरणीचे जड काम बैलाच्या मानेवर असते, आणि राखीव रानात हिरवे गवत नुकते वर आलेले दिसत असते, पण तेथे शिरले की दंड. त्या गवताच्या पेंढीत काय होते, हे ज्याने जुलैत उपाशी बैल पाहिला आहे त्यालाच कळते. मी एकदा एका सातवीच्या मुलाला विचारले, अण्यांनी गवत का कापले? तो म्हणाला, कायदा मोडायला. उत्तर चूक नाही. पण बैल त्यातून गळून पडला आहे, आणि बैल गळला की गावातली माणसे त्या सत्याग्रहाला का आली, हेही गळते.

आता मधला एक मोठा प्रयोग. वर्धा नदी ओलांडली की आपल्या शेजारचा जिल्हा लागतो. तेथे 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलांचे सात वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाच्या भोवती व्हावे, असा तिचा ठराव. झाकिर हुसेन समितीने डिसेंबरात अहवाल दिला आणि त्यात मूलोद्योगासाठी रोज 3 तास 20 मिनिटे राखली. सूतकताई-विणकाम, सुतारी, शेती, फळे व भाजीपाला, चामड्याचे काम, असे पर्याय होते. 1938 मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्रामात आर्यनायकम् व आशादेवी या पतिपत्नींनी शाळा चालविली. गणित, भूगोल, शरीरशास्त्र हे सारे कापसाच्या, भाजीच्या, कोठीच्या कामातून शिकवायचे, ही त्यामागील कल्पना. कापूस हे तर आमचे पीक. सरकीचे वजन किती, रुईचे किती, हे पोराने स्वतः तोलले की टक्केवारी त्याला वेगळी शिकवावी लागत नाही. आमच्या जिनात अशिक्षित हमाल हा रुईचा उतारा बोटांनी सांगत, तो मी स्वतः ऐकला आहे.

परंतु त्या परिषदेत एक विरोधी सूरही निघाला होता, आणि कामगार चळवळीतला माणूस म्हणून मला तो सांगितलाच पाहिजे. प्रा. के. टी. शहा यांनी शाळा मुलांच्या श्रमावर स्वावलंबी करण्यास हरकत घेतली. शाळेत मुलांनी केलेला माल बाजारात आला तर तो धंदेवाईक कारागिराच्या पोटावर येईल, आणि मुलांचे श्रम ही एक प्रकारची वेठ होईल, असा त्यांचा मुद्दा. माझी गांधीजींवर श्रद्धा आहे, पण या मुद्द्यावर मी शहांच्या बाजूला आहे. लहान मुलाला शेतात शिकायला नेणे वेगळे आणि शाळेचा खर्च भागवायला नेणे वेगळे. या दोहोंतली रेघ एकदा पुसट झाली की मालक लोक ती आणखी पुसट करतात. वेचणीच्या हंगामात शाळेला सुट्टी देऊन पोरी कपाशीत घालण्याची सोय कोणाला नको होती?

आपल्या प्रांतात, म्हणजे मध्यप्रांत व वऱ्हाडात, याच सुमारास विद्यामंदिर योजना निघाली. पंडित रविशंकर शुक्ल हे तिचे जनक. ज्या गावाला शाळा नाही तेथे गावातील कोणी जमीन दान द्यावी, त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा व शिक्षक चालावेत आणि मुलांनी तेथेच शेतीही शिकावी. जोतीरावांनी मागितलेले नमुन्याचे शेत जणू येथे सापडले. पण दोन गोष्टी आडव्या आल्या. पहिली नावाची. 'मंदिर' या शब्दाला मुस्लिम लीगने आक्षेप घेतला आणि शेतीच्या शाळेचा प्रश्न धर्माच्या वादात गेला. दुसरी अशी की 1939 च्या नोव्हेंबरात काँग्रेसचे मंत्रिमंडळ युद्धाच्या प्रश्नावर बाहेर पडले आणि योजनेच्या पाठीशी कोणी उरले नाही. मला त्यात तिसरीही एक अडचण दिसते, जी कागदावर सापडत नाही. दान देणारा आपली चांगली काळी जमीन क्वचितच देतो. बरड वावरावर शिक्षकाचा पगार उगवत नाही.

स्वातंत्र्यानंतर मूलोद्योगी शिक्षणाचा बोलबाला झाला, पण व्यवहारात बहुतेक ठिकाणी टकळी राहिली आणि बैल गेला. याचे कारण अगदी साधे आहे. टकळी पिशवीत मावते. बैलाला रोज वैरण आणि सुट्टीतही पाणी लागते. पुढे 1964-66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सांगितला, 1977 च्या ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य हे लांबलचक नाव दिले, आणि माझ्या मुलाच्या वेळेपर्यंत त्याची कागदी फुले झाली होती. एकदा त्याला कपाशीच्या बोंडाचा नमुना वहीत चिकटवून आणायला सांगितले, तर बाजारातून आणलेला औषधी कापूस त्याने चिकटविला. आम्ही राहत होतो ते जिनाच्या भिंतीला लागून! मी त्याला रागावलो, मग माझेच मला हसू आले.

आता आमच्या घरातला आणि वस्तीतला आक्षेप सांगतो, कारण तो सर्वांत जड आहे. माझ्या आईला मी एकदा हे सारे मोठ्या उत्साहाने सांगत होतो. ती सालदाराची बायको. तिचा जन्म दुसऱ्याच्या धुऱ्यावर गेला. ती म्हणाली, "पोरांना शाळेत घातलं ते ढोरांमागून सुटावीत म्हणून, अन् तू शाळेतच ढोरं आणतोस?" यावर माझ्याजवळ पुष्कळ दिवस उत्तर नव्हते. ज्यांच्या पिढ्या सालदारीत गेल्या, त्यांच्या मुलांना शेती शिकवा आणि वकिलाच्या मुलाला इंग्रजी, असा या योजनेचा अर्थ होणार असेल, तर ती न झालेलीच बरी. गावोगावच्या शहाण्या आयांनी मूलोद्योगाकडे पाठ फिरविली त्यात त्यांचा आळस नव्हता, अनुभव होता.

मग मी हा विषय आजही का धरून बसलो आहे? 2017 साली आपल्याच जिल्ह्यात जे घडले ते आपण विसरलो नसाल. त्या पावसाळ्यात कपाशी उंच वाढली होती, बोंडअळीने लोक घाबरले होते, आणि माणसे डोक्याच्या वर नळी धरून फवारणी करीत होती. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात विषबाधेने 20 हून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात आली. त्यांत शेतकरी होते आणि रोजाने फवारणीला जाणारे मजूर फार होते. कीटकनाशकाच्या डब्यावर कायद्याने एक रंगीत चौकट असते आणि तिच्या खालच्या भागात रंगाचा त्रिकोण: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. मी त्या दिवसांत मजुरांच्या घरोघर फिरलो. एका घरी सातवी झालेली मुलगी होती. चौथीपासून ती पहिल्या नंबरात. तिचे वडील महिनाभर लाल त्रिकोणाचा डबा हाताळीत होते आणि रिकाम्या डब्यात घरात पाणी भरून ठेवले होते. त्रिकोणाचे तीन कोन मिळून किती अंश, हे तिने मला न अडखळता सांगितले. डब्यावरच्या त्रिकोणाचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता. सुदैवाने तिचे वडील वाचले.

तेव्हा आईला द्यायचे उत्तर मला मिळाले. शेतीचे शिक्षण हे पोराला शेतात परत पाठविण्यासाठी नाही. शेत हे आपल्या जिल्ह्यातील सर्वांत मोठे कारखान्याचे आवार आहे, आणि कारखान्यात काय धोक्याचे आहे हे कळण्याचा हक्क कामगाराच्या मुलाला जितका, तितकाच त्या कारखान्यावर जेवणाऱ्या वकील-डॉक्टरांच्या मुलांनाही आहे. शिकवायचे असेल तर प्रथम शहरातल्या शाळेत शिकवा, आणि मुलांच्या श्रमातून एक पैसाही मिळवू नका. 2020 च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे असे म्हटले आहे. दहा दिवस थोडे आहेत, पण त्या यादीत गायकी बसवायला कोणी मनाई केलेली नाही.

या कामात घाई केली पाहिजे, असेही मला वाटते. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातील नर गोवंश आधीच्या गणनेपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी घटलेला आढळला. आपल्याकडेही ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, आणि दोन बैल वर्षभर पोसणे लहान शेतकऱ्याला झेपत नाही. मी त्याला दोष देत नाही. बैलाच्या मानेवरचे जू उतरले याचे मला दुःख नाही. पण शेजारच्या वर्धा-नागपूरकडील चपळ पांढरा गवळाऊ, आमच्याकडील उमरडा बैल, तलवारीसारख्या लांब शिंगांची नागपुरी म्हैस, यांना पाहून ओळखणारी माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. झरी-जामणी, केळापूरकडच्या कोलाम आणि गोंड मुलांना ढोरांची व रानाची जी माहिती आहे, ती त्यांच्या स्वतःच्या भाषेत आहे, आणि शाळेत आल्यावर पहिल्या दिवशी तीच भाषा बाजूला ठेवावी लागते. तेथे तर निबंधातली गायही परकी.

आपल्याकडे एक शाळा मात्र अशी आहे की जी कोणत्याही आयोगाने काढली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी 1806 मध्ये तो मुलांसाठी सुरू केला असे सांगतात. लाकडी बैल सजवून पोरे घरोघर बोजारा मागत फिरतात. आदल्या दिवशी खऱ्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप लागते, त्याला कामाची सुट्टी असते, तुतारी त्याच्या अंगाला लावायची नसते, आणि तोरणाखाली म्हातारे लोक झडत्या म्हणतात. कामगाराला वर्षातून एक दिवस भरपगारी रजा, त्याच्या सुजलेल्या खांद्याची चौकशी, हा विचार आमच्या युनियनच्या फार पूर्वी या मुलखात होता, असे मी माझ्या सभांत सांगत असतो. मालक मंडळी त्यावर हसतात. हसू द्या. अलीकडे यवतमाळात तान्ह्या पोळ्याला महागड्या, माणसाएवढ्या लाकडी बैलांची चढाओढ लागते आणि बक्षिसे वाटली जातात. ते मला आवडत नाही. पण ज्या घरी कोठा कधीच नव्हता त्या घरचे पोरही त्या दिवशी बैलाला वेसण कोठे असते हे पाहते.

गेल्या वर्षापासून आम्ही आमच्या वस्तीत शनिवारी सकाळी मुलांचा एक वर्ग घेतो. सरकारमान्य नाही आणि फीही नाही. पहिल्या शनिवारी त्रिकोणाचे चार रंग झाले. मुलांनी वस्तीतले रिकामे डबे शोधून काढले आणि पंचायतीच्या माणसाला बोलावून दिले. दुसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या गायक्याने आपला बैल आणला आणि त्याचे तोंड उघडून वय कसे ओळखावे हे दाखविले. पक्का दात आलेला नसेल तर अदात, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. साधारण पाच वर्षांचा हिशेब. एका वकिलाच्या मुलीने विचारले, "आजोबा, वरचे दात पडले का याचे?" म्हाताऱ्याने तिचा हात धरून बैलाच्या वरच्या कठीण हिरडीवरून फिरविला. ती ओरडून मागे सरली आणि मग पुन्हा पुढे येऊन तिने स्वतः हात लावला. मी मागे उभा होतो. चौथीतली ती लाल रेघ मला आठवली.

यंदा पेरणीपूर्वी मुलांना तिफण दाखवायची आहे. तीन फणांची म्हणून तिफण, हा समास त्यांना व्याकरणातही उपयोगी पडेल. जुनी तिफण एका शेतकऱ्याने देऊ केली आहे, पण तिचे सरते हरवले आहेत, आणि सुतार म्हणतो की नमुना पाहिल्याशिवाय नवे करता येणार नाहीत. आपणांपैकी कोणाच्या गावाकडच्या घरी, माळ्यावर, बांबूचे जुने सरते पडून असतील, तर सभा संपल्यावर मला भेटावे. मी दाराशीच थांबतो.